दहाव्यानंतरचं घर

(साने गुरुजींच्या स्मृतिदिनी, ११ जूनला, चिंचवड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या तारखेला महाराष्ट्रात ठिकठिकाणी साने गुरुजींवर बोललं जातं. ‘श्यामची आई’ येते, अमळनेरची शाळा येते, पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठीचं उपोषण येतं, आंतरभारतीचं स्वप्न येतं. १९५० सालच्या ११ जूनला काय झालं, ते मात्र आपण एका वाक्यात उरकतो, आणि तेही आवाज खाली आणून. गुरुजींनी आत्महत्या केली. पन्नास वर्षांचे होते. आज हे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते आहे, कारण या सभागृहात अशी माणसं नक्की बसलेली आहेत ज्यांच्या घरात हे वाक्य वर्षानुवर्षं उच्चारलं गेलेलं नाही.

असं का झालं, याची उत्तरं आपल्याकडे तयार असतात. गांधीहत्येचा धक्का, स्वातंत्र्यानंतरचा भ्रमनिरास, हळवा स्वभाव. त्यातलं प्रत्येक थोडंथोडं खरंही असेल. पण गांधीहत्येचा धक्का लाखोंना बसला होता आणि हळवी माणसं घरोघरी असतात. तेव्हा कारणांची बेरीज मी करणार नाही. मला १२ जूनबद्दल बोलायचं आहे. त्या दिवशी सकाळी उठलेल्या माणसांबद्दल.

गुरुजींची ‘साधना’ सुरू झाली १५ ऑगस्ट १९४८ ला. गुरुजी गेले तेव्हा ती दोन वर्षांचीही नव्हती आणि संपादकाशिवाय उरली होती. अंक तर काढायचा होता. आचार्य जावडेकर आणि रावसाहेब पटवर्धन यांनी ती जबाबदारी घेतली, पुढे यदुनाथ थत्ते आले, आणि ते साप्ताहिक आजही पुण्याहून निघतं. प्रकाशभाई मोहाडीकरांनी मुलांना गोष्टी सांगण्यासाठी साने गुरुजी कथामाला उभी केली. १९५३ साली अत्र्यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली आणि थिएटरांत अख्खा महाराष्ट्र रडला. ज्या पुतणीला, सुधाला, गुरुजींनी ‘सुंदर पत्रे’ लिहिली, ती पत्रं वाचताना मला हटकून पत्रं यायची थांबलेल्या त्या मुलीची आठवण येते.

गुरुजींच्या मित्रांनी एक फार मोठी गोष्ट साधली. गुरुजींचा मृत्यू त्यांनी गुरुजींच्या आयुष्यावर बसू दिला नाही. आज साने गुरुजी म्हटलं की आधी त्यांचा शेवट आठवतो, असं कुणाचंच होत नाही. सामान्य घरात नेमकं उलट घडतं. चोवीस वर्षं जगलेला मुलगा एका रात्रीत ‘त्या पोराचं काय झालं माहितीये ना’ एवढाच उरतो. त्याचं क्रिकेट, त्याचे विनोद, आईच्या हातची वांग्याची भाजी नको म्हणणं, सगळं त्या एका रात्रीखाली गाडलं जातं. पण मित्रांना, आणि त्यांच्या नंतर आपल्यालाही, एक गोष्ट जमली नाही. मृत्यूबद्दल सरळ बोलणं. घर पुन्हा उभं राहायला या दोन्ही गोष्टी लागतात, आणि दोन्हींसाठी बाहेरची माणसं लागतात. मला आज एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळा तपशील आहे.

मी या औद्योगिक पट्ट्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून, घरातलं माणूस आत्महत्येनं गेलेल्यांसोबत काम करते. रुग्णालयातल्या आमच्या बोळातून शवविच्छेदनगृहाकडची वाट दिसायची. तिथल्या बाकावर बसलेल्यांत फरक लगेच कळायचा. अपघातात गेलेल्याचे नातेवाईक धाय मोकलून रडायचे, ट्रकवाल्याला शिव्या द्यायचे. आत्महत्येनं गेलेल्याचे नातेवाईक आधार कार्डाच्या झेरॉक्स सांभाळत गप्प बसायचे. रडण्याआधी त्यांना जबाब द्यायचा असायचा. अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, व्हिसेरा राखून ठेवला जातो आणि त्याचा अहवाल यायला महिनोन्महिने लागतात. चिठ्ठी असली तर ती तपासाला जाते. मोबाइलही जातो. हे सगळं कायद्यानं करावंच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण बारा तासांपूर्वी मूल गमावलेल्या बापाला ‘घरात काही वाद झाला होता का?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो तो तिथे. आणि मग तो थांबतच नाही. मातीला आलेले पाहुणे विचारतात, शेजारीण विचारते, दहाव्याला आलेला चुलतमामा बाजूला घेऊन विचारतो.

एका घराबद्दल जरा सविस्तर सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगा मराठवाड्यातला, आयटीआय झालेला, चाकणला कंत्राटी कामगार. खोली कॉट बेसिसवर, एका खोलीत सात जण. तीन पाळ्या, त्यामुळे एका गादीवर एक उठला की दुसरा झोपायचा. तो गेला तेव्हा खोलीतले दोघे सेकंड शिफ्टला होते, बाकीचे गावाला. आईवडील रात्रीच्या गाडीनं आले. अंत्यविधी गावाला न्यायचा की इथेच, यावर वाद झाला. गावात बोभाटा नको म्हणून इथेच उरकला आणि दहावाही इथेच, पवनेच्या घाटावर केला.

आपल्या भागातला दशक्रिया विधी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. मांडव, चौकात फ्लेक्स, ह.भ.प. महाराजांचं प्रवचन, नगरसेवकापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. कुणाला हा बडेजाव वाटतो. मला तसं वाटत नाही. चारशे माणसं कामधंदा सोडून सकाळी घाटावर येऊन बसतात आणि गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतात, ही घरच्यांना धीर देणारी फार मोठी गोष्ट आहे. या मुलाच्या दहाव्याला अकरा माणसं होती. फ्लेक्स नव्हता, प्रवचन नव्हतं. विधी करणारे गुरुजी घाईत होते.

पिंड ठेवला. कावळा येईना. आजूबाजूला कावळे होते, शेजारच्या दुसऱ्या कुणाच्या पिंडाला शिवत होते, इकडे येत नव्हते. अशा वेळी आपल्याकडे एकेक जण पुढे होऊन गेलेल्याला शब्द देतो, ‘तुझ्या पोरांना सांभाळतो’, ‘शेत विकणार नाही’. गेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखायची असते. चुलते त्याच्या वडिलांना म्हणाले, दादा, तुम्ही विचारा काय राहिलं त्याचं. वडील हात जोडून उभे राहिले आणि त्यांना बोलता येईना. काय विचारणार? गेले दहा दिवस त्यांच्या डोक्यात दुसरा प्रश्नच नव्हता. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि विधी संपवला. रीतीला धरूनच होतं ते, दर्भाचा कावळा कितीतरी घरांत करावा लागतो. पण या वडिलांच्या मनात ती सकाळ घट्ट बसली. पोरगं आपल्यावर रागावून गेलं, त्यानं आपल्या हातचा घाससुद्धा घेतला नाही, असं ते पुढे कितीतरी महिने धरून बसले. कुणीतरी त्यांना त्र्यंबकेश्वरला नारायण नागबली करायला सांगितलं, तेही त्यांनी केलं. त्यानं बरं वाटलं का, असं मी विचारलं. म्हणाले, केलं नसतं तर आणखी एक राहून गेलं असतं.

तिथे घाटाच्या वरच्या पायरीवर दोन पोरं कंपनीच्या गणवेशात उभी होती. फर्स्ट शिफ्टला उशीर होत होता. त्याचे खोलीतले मित्र. घरच्यांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ‘एका ताटात जेवत होते, ह्यांना दिसलं नाही?’ असं आई मला नंतर म्हणाली. तिचंही चूक म्हणवत नाही. राग कुठेतरी ठेवायला जागा लागते.

आणि त्या पोरांचं काय झालं? जबाब झाले, घरमालकानं आठ दिवसांत खोली रिकामी करायला लावली, लाइनवर सुपरवायझरनं ‘पुन्हा खाडा नको’ सांगितलं. त्यांना सुट्टी नव्हती, सुतक नव्हतं, भेटायला कुणी आलं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात जवळचं माणूस गेल्याची म्हणून वेगळी रजा नव्हती, तिथे खोलीतल्या मित्रासाठी कोण रजा देणार? केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं १९८९ साली अशा दुःखांकडे लक्ष वेधलं होतं, ज्यांचा रडण्याचा हक्कच समाज मान्य करत नाही. चाकण, तळेगाव, भोसरी, रांजणगाव इथल्या खोल्याखोल्यांत हे दुःख साचलेलं आहे. २०१८ साली ज्युली सेरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मोजणी केली. एका आत्महत्येची झळ पूर्वी समजलं जायचं तशी पाचसहा जणांना लागत नाही, त्या माणसाला ओळखणारे सरासरी १३५ जण तिच्या कक्षेत येतात. त्यातले सगळे कोसळत नाहीत, पण बरेच जण हलतात. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. गुणाकार तुम्ही करा.

हे मी केवळ कणव म्हणून सांगत नाही. अलेक्झांड्रा पिटमन यांनी ब्रिटनमधल्या विद्यापीठांतल्या, जवळचं माणूस गमावलेल्या ३,४३२ तरुण विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध केला. जवळचं माणूस आत्महत्येनं गमावलेल्यांत स्वतः तसा प्रयत्न करण्याची शक्यता, अचानक पण नैसर्गिक कारणानं माणूस गमावलेल्यांपेक्षा ६५ टक्क्यांनी जास्त आढळली. शिक्षण किंवा नोकरी सुटण्याची शक्यता ८० टक्क्यांनी जास्त. म्हणजे मागे राहिलेल्यांकडे बघणं हे पुढचा मृत्यू टाळण्याचंच काम आहे. एडविन श्नाइडमन यांनी हे १९६० च्या दशकातच सांगून ठेवलं होतं. त्यांनी १९५८ साली लॉस एंजेलिसमध्ये सहकाऱ्यांसह आत्महत्या प्रतिबंधाचं केंद्र सुरू केलं आणि तिथल्या अनुभवावरून ते सांगत राहिले की गेलेला माणूस आपल्या मनातला सांगाडा मागच्यांच्या कपाटात ठेवून जातो. मला ही गोष्ट आपल्याकडच्या घरांत अक्षरशः खरी दिसते. त्याची बॅग कुणी उघडत नाही, फोटो भिंतीवर लागत नाही.

आता खोटं बोलण्याबद्दल. ‘बाहेर ॲटॅक आला असं सांगा’ हे वाक्य मी त्या बाकावर किती वेळा ऐकलं असेल. बहिणीचं लग्न व्हायचं असतं, म्हातारी आजी गावाकडे असते. ज्यांनी हे केलं त्यांना मी नावं ठेवणार नाही. तुमच्या घरची गोष्ट कुणाला सांगायची हे ठरवायचा हक्क तुमचाच आहे. पण घरातल्या लहान मुलांच्या बाबतीत मी आग्रह धरते. मुलांना कळतंच. शाळेच्या बसमध्ये कळतं, चुलतभावाच्या भांडणात कळतं, आणि तेव्हा ती दोनदा गमावतात, एकदा बाप आणि एकदा आपल्या माणसांवरचा विश्वास. सात वर्षांच्या मुलीला सगळं सांगायची गरज नसते, कसं झालं ते तर नाहीच. ‘बाबांचं मन खूप आजारी होतं, त्या आजारात त्यांना दुसरी वाट दिसली नाही आणि त्यांनी स्वतःचा जीव घेतला. तू काही केलंस म्हणून नाही. तू काही केलं असतंस तर थांबलं असतं असंही नाही. तुला आम्ही सांभाळणार आहोत.’ एवढं पुरतं, आणि ते पुन्हापुन्हा सांगावं लागतं, कारण मूल मोठं होताना प्रत्येक वयात तोच प्रश्न नव्यानं विचारतं. एका आईनं माझ्यासमोर हे मुलाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग माझी आता शाळेची फी कोण भरणार?’ ती रडायला लागली. मला तो प्रश्न अतिशय शहाणा वाटला.

फीचं निघालं म्हणून कागदांबद्दल सांगते, कारण सांत्वनाला येणाऱ्यांपैकी कुणी याबद्दल बोलत नाही. अनेक कुटुंबांचा समज असतो की आत्महत्या म्हणजे काहीच मिळणार नाही, आणि लाजेपोटी ती दावेही करत नाहीत. हे खरं नाही. आयुर्विम्याची पॉलिसी घेऊन बारा महिने उलटले असतील तर नॉमिनीला ठरलेली पूर्ण रक्कम मिळते. पीएफ कापला जात असेल, कामगार कंत्राटी का असेना, तर नोकरीत असताना मृत्यू झाल्यावर पीएफसोबतच्या विमा योजनेतून कुटुंबाला ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते, शिवाय निवृत्तिवेतन योजनेतून पत्नी-मुलांना पेन्शन. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट मृत्यूच्या बाबतीत लागू होत नाही. ईएसआयमध्ये अंत्यविधीच्या खर्चाची तरतूद आहे. आणि ज्याचा धाक सगळ्यात जास्त असतो ते कर्ज: तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार नसाल, तर मृताच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपलीकडे तुमच्या खिशातून ते वसूल करता येत नाही. लोन ॲपची माणसं विधवेला फोन करून धमकावतात तेव्हा तिच्या शेजारी बसून तो फोन घेणारं कुणीतरी हवं. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून निघून जाऊ नका. ती सांगणार नाही. फायलीत कागद लावून द्या, तिच्यासोबत पीएफ कार्यालयाच्या रांगेत उभे राहा.

शेतकरी घरांना हे कागदांचं दुखणं फार आधीपासून माहीत आहे. चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे १९ मार्च १९८६ ला कुटुंबासह आत्महत्येनं गेले. २०१७ पासून दर १९ मार्चला किसानपुत्र आंदोलनाचे लोक अन्नत्याग करतात. आपल्याकडे अशा मृत्यूंचा सार्वजनिक शोक करणारा हा एवढा एकच दिवस मला माहीत आहे. सरकारी मदत १ लाखाची, आणि तीसाठी मरणारा पात्र की अपात्र हे समिती ठरवते. नवऱ्याचं मरण अपात्र ठरल्याचा कागद हातात घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला काय वाटत असेल? महिला किसान अधिकार मंचानं २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ स्त्रियांशी बोलून अभ्यास केला. त्यातल्या ४० टक्के स्त्रियांच्या नावावर अजून जमीन झालेली नव्हती. अशा घरांतून मुलं चाकणला येतात. एकदा हे घडलेल्या घरातून येतात, हे कंपनीत कुणाला ठाऊक नसतं.

कायद्याचंही सांगायला हवं, कारण जुनी भीती त्यातूनच आलेली आहे. इंग्रजांच्या दंड संहितेतलं ३०९ कलम आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा मानायचं. मुंबई उच्च न्यायालयानं ते १९८६ सालीच घटनाबाह्य ठरवलं होतं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं ते वैध धरलं. मग २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याला शिक्षा नको, उपचार द्या, असं त्यानं सांगितलं. १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता लागू झाली त्यात ते जुनं कलम उरलं नाही. प्रवृत्त करण्याचा गुन्हा अर्थात आहे आणि असलाच पाहिजे. छळ झाला असेल तर तक्रार झालीच पाहिजे. पण प्रत्येक मृत्यूमागे एक गुन्हेगार शोधायचाच, या सवयीनं कितीतरी सुना, सासवा, मित्र, मास्तर आयुष्यभर आरोपीसारखे जगतात, आणि तसा एकही पुरावा नसतो.

या घरांना आधार कुणाचा होतो? माझा अनुभव असा की आमच्यासारख्या पगारी माणसांपेक्षा त्याच दुःखातून गेलेल्यांचा जास्त होतो. अमेरिकेत बॅटन रूज शहरात फ्रँक कॅम्पबेल यांनी एक साधी पद्धत सुरू केली. आत्महत्येची खबर आली की पोलिसांबरोबर दोन स्वयंसेवक जातात, आणि त्यांत पूर्वी असं माणूस गमावलेलं कुणी असतं. ते फारसं बोलत नाहीत. फक्त कुटुंबाला दिसतं की हे होऊनही माणूस उभा राहतो, कपडे घालून दुसऱ्याच्या दारात येऊ शकतो. त्यामुळे मदत मागायला लोकांना जी वर्षं लागायची ती आठवड्यांवर आली. हॅरी रीड हे अमेरिकेचे बडे सिनेटर होते. त्यांचे वडील १९७२ साली आत्महत्येनं गेले आणि पुढची वीसेक वर्षं ते त्याबद्दल बोलले नाहीत. नंतर बोलले, आणि १९९९ साली त्यांच्याच ठरावानं मागे राहिलेल्यांसाठीचा एक दिवस सुरू झाला. तो दरवर्षी नोव्हेंबरात असतो. आपल्याकडे चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांची ‘स्नेहा’ ही संस्था १९८६ पासून आहे. आणि लांब कशाला, पुण्यात ‘कनेक्टिंग’ ही संस्था २००५ पासून काम करते, त्यांच्याकडे अशा कुटुंबांसाठी आधाराचं वेगळं काम आहे. पिंपरी-चिंचवडकरांना ती एका लोकलच्या अंतरावर आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे.

अशा कुटुंबांची आमची जी बैठक असते तिथे काय होतं, असं लोक विचारतात. सतरंजी असते, चहा असतो. पहिल्यांदा आलेला माणूस बहुधा बोलत नाही, त्याला बोलायला लावत नाही. ‘का केलं’ हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारत नाही. प्रत्येकाला रात्री तोच प्रश्न सोबत असतो. त्याऐवजी विचारतो, तो कसा होता? त्याला काय आवडायचं? बऱ्याच जणांना हे कित्येक महिन्यांत कुणी विचारलेलं नसतं, आणि मग माणूस तासभर बोलतो. तिथे लोक अशा गोष्टी बोलतात ज्या घाटावर बोलता येत नाहीत. एक बाई म्हणाली, मला त्याचा इतका राग येतो की समोर असता तर मुस्काटात मारली असती. दुसरे एक गृहस्थ, ज्यांची पत्नी अनेक वर्षं आजारी होती आणि आधीही प्रयत्न केले होते, म्हणाले, ती गेल्यावर त्या रात्री मी पहिल्यांदा गाढ झोपलो. हे वाक्य बोलायला त्यांना तीन वर्षं लागली होती. खोलीतल्या निम्म्या लोकांनी मान हलवली. कुणी दचकलं नाही.

त्या मराठवाड्यातल्या मुलाकडे परत येते. त्याच्या फोनमध्ये आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. दिवाळीला घरी गेला तेव्हा त्यानं त्या भरून घेतल्या होत्या. आई प्रत्येक वेळी मला विचारायची, ‘ताई, पोलिसाकडं पुसून तर नाही जायच्या?’ फोन मुद्देमालात होता. परत मिळाला तेव्हा लॉकचा पॅटर्न कुणालाच येईना. दुकानदार म्हणाला, उघडतो, पण आतलं सगळं जाईल. तसाच तो ट्रंकेत पडून राहिला. मीच एकदा म्हटलं, खोलीतल्या पोरांना विचारू का? वडील बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, विचारा. त्यातल्या एकाचा नंबर शोधायला मला वेळ लागला. कंपनी बदलली होती त्यानं. फोनवर मी नाव सांगताच पलीकडून हुंदका आला. रविवारी आला तो. दारात उभा राहून म्हणाला, काकू, मी त्या रात्री ओव्हरटाइम घेतला नसता तर. आईनं त्याला आत घेतलं, ताट वाढलं. जेवल्यावर त्यानं फोन हातात घेतला आणि अंगठ्यानं पॅटर्न काढला, सवयीनं, न बघता. ओव्या होत्या. आणि ओव्यांच्या मधे मधे मुलाचं हसणंही होतं. ‘आये, पुन्हा म्हण, गाडीचा हॉर्न आला’ असं म्हणत होता. वडिलांनी ते हसणं पुन्हा पुन्हा लावलं. रागावून गेला, रागावून गेला म्हणत होते ते. त्या दुपारनंतर मी त्यांच्या तोंडून ते ऐकलं नाही.

ते पोरगं आता दर महिन्याला आमच्या बैठकीला येतं. नव्यानं आलेल्या तरुण मुलांशेजारी तोच बसतो. ती मुलं माझ्याशी बोलत नाहीत, त्याच्याशी बोलतात.

एक शेवटचं. ज्यांच्या मनात स्वतःबद्दल असे विचार येत असतील, आज सकाळीही आले असतील, त्यांनी घरी जाऊन वाट बघू नये. सरकारची टेलि-मानस सेवा रात्रंदिवस सुरू असते, तिचा नंबर १४४१६. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि मागे राहिलेल्यांनीही त्यावर बोलायला हरकत नाही. नंबर मागच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे. व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं ठेवू नका, अशी विनंती मी संयोजकांना केली होती, कारण असे प्रश्न माईकवर विचारता येत नाहीत. त्याऐवजी डाव्या हाताच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण थांबणार आहोत. ज्यांना यायचं त्यांनी यावं, नुसतं बसलं तरी चालेल. सभागृह रिकामं करायची घाई नाही, हे मी आधीच विचारून घेतलं आहे.